पहिल्या टेबलावरची दहा मिनिटं

१

झेंडा पडला तेव्हा नंदिताचा हात हत्तीवर होता.

अजून दोन खेळ्या, की त्यागराजचा राजा मेला. टेबलाभोवती उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, आणि त्यागराजचे कान लाल झाले होते त्यावरून त्यालाही दिसत असावं. पण बुद्धिबळाच्या घड्याळाला पट दिसत नाही. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक बटण. आपली खेळी झाली की आपलं बटण दाबायचं; आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं चालू होतं. बाहेर कितीही वाजलेले असोत, सुरुवातीला दोन्ही घड्याळं साडेपाचवर लावायची. काटा सहावर आला की एक बारीकसा लाल झेंडा पडतो. ज्याचा झेंडा पडला तो हरला, मग पटावर त्याचं राज्य का असेना.

त्यागराजने झेंड्याकडे बोट दाखवलं. नंदिताने हत्ती जागेवर ठेवला. आणि गर्दीच्या मागून तिच्या वडिलांचा आवाज आला.

"हे चोरी आहे. माझ्या मुलीचा वेळ कोणी चोरला."

मी श्रीनिवासराव, तंजावरच्या बुद्धिबळ मंडळाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे खुर्च्या मोजणारा, माइक आणणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा इसम. चौऱ्याण्णव सालच्या त्या रविवारी पश्चिम राजवीथीवरच्या एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, आम्ही एक दिवसाची स्विस पद्धतीची स्पर्धा ठेवली होती. स्विसमध्ये हरलेला घरी जात नाही; प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर बसतात. बत्तीस खेळाडू, पाच फेऱ्या. चार फेऱ्यांनंतर एकदाही न हरलेले, बरोबरी न केलेले दोघेच उरले होते, तिरुवैयारूची नंदिता आणि आमच्या गावचा त्यागराज. पाचव्या फेरीत पहिल्या टेबलावर तेच बसणार, नंदिता पांढऱ्याने आणि त्यागराज काळ्याने, हे ठरलेलंच होतं.

जिंकणाऱ्याला जिल्ह्याच्या संघात जागा होती, आणि तेवढ्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. त्या वर्षांत आमच्या बाजूला शेतांच्या मधोमध नवी खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं उगवत होती, आणि त्यांत खेळाडूंच्या कोट्यातून आत शिरायचं तर जिल्ह्याचं प्रमाणपत्र लागे. नंदिताला मार्क थोडक्यात कमी पडले होते. वयाच्या अटीप्रमाणे तिचं हे शेवटचं वर्ष. हा डाव गेला की ते दार कायमचं बंद होणार होतं.

तिचे वडील रघुपती तिरुवैयारूच्या रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसून खरेदीखतं लिहीत. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण गणित पक्कं होतं. चहाच्या सुट्टीत नंदिता ताणाने बाहेर धावली होती. मागच्या विहिरीपाशी ती ओकत होती आणि माझी बायको वसुमती तिचं डोकं धरून उभी होती. त्यामुळे शेवटच्या फेरीला नंदिता उशिरा बसली. उशिरा येणाऱ्याचं घड्याळ चालूच ठेवतात, हा नियमच आहे. पण वसुमतीच्या मनगटावर घड्याळ होतं, आणि मी माइकवर "सुरू करा" म्हटल्यापासून पोर खुर्चीत बसेपर्यंत चार मिनिटं झाली, हे ती छातीठोकपणे सांगत होती. नंदिता बसली तेव्हा तिची चौदा मिनिटं गेलेली होती.

दहा मिनिटं गेली कुठे? आणि त्या टेबलावर तोवर एकटा बसला होता त्यागराज.

२

आमच्या पंच कनकलताबाई कुंभकोणमच्या. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने काटकुळ्या, आणि त्यांच्यापुढे मोठे मोठे पुरुष नकळत शर्टाची गुंडी लावत. त्यांनी घड्याळ जसं होतं तसं उचललं, दोघांना पटावर हात लावू नका म्हणून बजावलं आणि मला म्हणाल्या, "श्रीनिवासराव, एक खोली द्या. आणि बक्षीससमारंभ थांबवा."

थांबवा म्हणणं सोपं होतं. सातला तिथे एका लग्नाचं रिसेप्शन होतं. मांडववाले दाराशी केळीचे खांब घेऊन उभे होते. खोली एकच रिकामी होती, नवरीची. भिंतभर आरसा, त्याभोवती दिवे, कोपऱ्यात मल्लिगेच्या सुकलेल्या गजऱ्यांचा वास. तिथे आमची चौकशी सुरू झाली.

मला तर चौकशीचीही गरज वाटत नव्हती. त्यागराजने काटा पुढे सरकवला, झालं. घड्याळाच्या पाठीमागे काटे फिरवायची चावी असते. बसल्या बसल्या हात मागे नेला तर कोणाला कळतंय? शिवाय त्याचा मामा सुरेंद्र आमचा प्रायोजक. एसटीडी बूथ आणि केबल टीव्हीवर दोन वर्षांत माडी चढवलेला माणूस. भाच्याला इंजिनिअर करायचा ध्यास त्याने घेतला होता. रघुपतींची मागणीही सरळ होती: त्यागराजला बाद करा, त्याच्या नावापुढे लबाडीचा शेरा मारा आणि डाव नंदिताला द्या. शेरा बसला असता तर त्या पोराला पुन्हा कुठे पटासमोर बसता आलं नसतं.

पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या आम्हा लोकांची जुन्या वळणाची मराठी त्यागराजला कळे, पण बोलताना तो तमिळमध्ये घसरे. मान खाली घालून त्याने सांगितलं ते ऐकून मला हसूच आलं. तो म्हणे टेबलापाशी आला तेव्हा नंदिताचं घड्याळ आधीच चालू होतं. काळ्या सोंगट्या घेणाऱ्याने बटण दाबलं की पांढऱ्याचं घड्याळ सुरू होतं. तर ते काळ्याचं बटण आधीच खाली गेलेलं होतं. एवढंच नाही, पांढऱ्याचं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे होतं. सुट्टीत कोणी पोरं खेळली असतील म्हणून त्याने ते मागे ठेवलं.

"आणि घड्याळ?" बाईंनी विचारलं. "ते का थांबवला नाहींस?"

त्याने मान वर केली. मग मराठीत म्हणाला, "तिचं घड्याळ, मॅडम. मला वाटलं, तीच बघेल."

"हं. हे चांगलं केला नाहींस."

तो रडवेला झाला. तो गेल्यावर मी म्हणालो की गुन्हा कबूल झाला, आता बक्षिसं उरकू या. बाई आरशात माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "लबाडी करणारा पोरगा प्याद्याची गोष्ट कशाला सांगेल हो? घड्याळ चालू होतं एवढं त्याला पुरत होतं. प्याद्याने त्याचं काहीच भलं होत नाही." मग त्यांनी मला विचारलं की चहाच्या सुट्टीत त्यागराज कुठे होता.

इथे माझीच पंचाईत झाली. सुट्टीभर तो माझ्याच शेजारी उभा होता, बाहेर कापीच्या, म्हणजे आमच्याकडच्या कॉफीच्या, पातेल्यापाशी. मागच्या फेरीतला आपला डाव खेळीगणिक मला सांगत होता, मी जांभया देत होतो. मी माइककडे गेलो तेव्हा कुठे तो टेबलाकडे गेला.

"म्हणजे तो खरं बोलत असेल," बाई म्हणाल्या, "तर सुट्टीत रिकाम्या हॉलमध्ये दुसरं कोणी तरी होतं."

३

सुट्टीत हॉलमध्ये कोणी जायचं नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. त्या स्वतः इथेच, नवरीच्या खोलीत, खालच्या टेबलांच्या जोड्या लावत बसल्या होत्या. मी बाहेर कापीपाशी होतो. हॉलचं दार नुसतं लोटलेलं होतं.

सुरेंद्र आला तोच तणतणत. आपण हॉलमध्ये पाऊल ठेवलं नाही, आपल्याला असल्या गोष्टींची गरज नाही, पुढच्या वर्षी स्पर्धेला दुसरा प्रायोजक बघा, वगैरे. बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग हॉलमधून आणून टेबलाखाली ठेवलेला विजेत्याचा चषक त्याच्यापुढे ठेवला. चषकाच्या पायावर निळा चमकदार स्टिकर होता: त्याच्या केबल कंपनीचा, टेलिफोन नंबरासकट.

"जेवणाच्या वेळी हे मी पुसून ठेवला होतों," बाई म्हणाल्या. त्या स्वतःबद्दल बोलताना कधी कधी आमच्या तंजावरी मराठीतल्या जुन्या पुरुषी रूपात बोलत. "तेव्हा हा कागद नव्हता. चषक सबंध दिवस हॉलमध्येच होता. आता सांगा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सुरेंद्रचा सगळा रुबाब उतरला. मंडळाने चषकावर जाहिरात नको म्हटलं होतं, म्हणून तो सुट्टीत गुपचूप आत शिरला होता. एवढंच, देवाशपथ एवढंच. मला वाटलं, सापडला. भाचा बाहेर माझं डोकं खात होता आणि मामा आत काटा फिरवत होता. पण बाईंनी भलताच प्रश्न विचारला.

"आत गेलात तेव्हा काय ऐकलात?"

सुरेंद्र गोंधळला. मग आठवून म्हणाला की कुठलंसं घड्याळ टिकटिकत होतं. हॉल एवढा रिकामा, सगळे पंखे बंद, म्हणून ऐकू आलं. जवळ जाऊन बघितलं तर पहिलंच टेबल, आणि एक पांढरं प्यादं पुढे आलेलं. हात लावला नाही. लावला असता तर आत आल्याचं कळलं असतं.

"तेव्हाच का सांगलां नाहीं?"

"भाच्याच्या टेबलाचं मी काय सांगूं? कोणी विश्वास ठेवला असता?"

तो गेल्यावर मी वैतागलो. मामाने भाच्याची गोष्ट उचलून धरली, यात नवल काय? दोघांनी मिळून बनवलेली. बाईंनी मान हलवली. झेंडा पडल्यापासून दोघांना त्यांनी एकमेकांशी बोलू दिलं नव्हतं. प्यादं बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी दोघांच्या तोंडी तेच प्यादं आलं. तेव्हा तिसरा माणूस होता, तो सुरेंद्रच्याही आधी आत गेला होता, आणि त्याने काटा फिरवलाच नव्हता. त्याने नुसतं बटण दाबलं होतं आणि एक खेळी केली होती. घड्याळ आपलं आपण चालत राहिलं.

"नंदिता पहिली खेळी कोणती करते?" त्यांनी विचारलं.

"वजिरापुढचं प्यादं, दोन घरं. आज पांढऱ्याने खेळलेल्या प्रत्येक डावात तेच."

"म्हणजे तिची खेळी तिच्यासाठी कोणी तरी केली." त्या उठून आरशापाशी गेल्या. "श्रीनिवासराव, सकाळी तुम्ही नंदिताच्या हातात एक रुमाल दिलात. गाठ मारलेला. तो तुमच्याकडे कसा आला?"

मला या बाईचा राग यायला लागला होता. दारात केळीचे खांब, बाहेर तीस खेळाडू खोळंबलेले, आणि ही रुमाल विचारते.

४

रुमालाची गोष्ट साधी होती. आदल्या संध्याकाळी रघुपती मुद्दाम बसने तंजावरला येऊन आमच्या घरी तो ठेवून गेले होते. रविवारी सकाळी ज्या वेळी निघावं लागणार होतं ती वेळ त्यांच्या पंचांगात वाईट होती. म्हणून शनिवारच्या चांगल्या वेळी मुलीच्या रुमालात सुपारी बांधून प्रस्थान ठेवलं. आमच्याकडे ही रीत अजून आहे. माणूस मुहूर्तावर निघू शकत नसेल तर त्याची एखादी वस्तू आधी पुढे नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष केव्हाही निघा. वसुमतीने रुमाल देवापाशी ठेवला होता.

"बरं. आज दिवसभर तुमच्याशी सगळ्यात जास्त कोण भांडलं?"

हे विचारायला नको होतं. रघुपतीच, दुसरं कोण? रविवारचा राहुकाळ, कशालाही आरंभ न करायची अशुभ वेळ, साडेचारला लागतो तो सहापर्यंत. शेवटची फेरी सव्वाचारला होती, पण चौथी लांबली आणि पाचवी साडेचारच्या पुढे ढकलावी लागली. तेव्हा हा मनुष्य माझ्या मागे हात धुऊन लागला. सुट्टी रद्द करा, पहिलं टेबल तरी आधी बसवा, पाया पडतो. रजिस्ट्रार कचेरीबाहेर तीस वर्षं बसलेला माणूस. राहुकाळात त्यांच्याकडे कोणी कागदाला हात लावत नसे. मी साफ नाही म्हटलं.

"मग?"

"मग काय, समजूत पटली. थोड्या वेळाने आले, शांतपणे कापी घेतली, दोन तळलेले बोंडे खाल्ले. मला म्हणाले, फेरी कधी का होईना, काही हरकत नाही."

हे वाक्य मी बोललो आणि बोलता बोलताच थांबलो. राहुकाळात सही न करणारा माणूस. मुलीच्या आयुष्याचा डाव. आणि तो दोन बोंडे खातो.

बाहेर जाऊन बाईंनी नंदिता आणि रघुपती दोघांना बोलावलं. पाठोपाठ त्यागराज आणि सुरेंद्रलाही.

रघुपती आले ते विजयी चेहऱ्याने. त्यांना वाटलं निकाल लागला. खांद्यावरचं अंगवस्त्र सारखं करत ते त्यागराजकडे बघायचंही टाळत होते. नंदिता भिंतीला टेकून उभी राहिली, चेहरा अजून पांढराच.

"रघुपती," बाईंनी अगदी हळू विचारलं, "आजचा शेवटचा डाव कधी सुरू झाला?"

"राहुकाळ लागायच्या आत," ते म्हणाले. आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "मीच सुरू करून ठेवलों. सबंध दिवस बघत होतों ना. काळ्याचं बटण दाबलं की डाव सुरू होतो. साडेचारला पांच मिनिटं असतां दाबलों, हिचं प्यादं पुढे ठेवलों, नमस्कार केलों. प्रस्थान झालं. मग तुमची फेरी कधी का होईना."

ते आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. कचेरीत पहिली सही करून ठेवतात, बाकीचे कागद नंतर. त्यात कोणाचं काय जातं, असा त्यांचा चेहरा होता. घड्याळ सही नव्हे, ते एकदा सुरू केलं की थांबवेपर्यंत चालतं आणि मोजतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही "सुरू" म्हणू तेव्हा ते पुन्हा पहिल्यापासून धरतील, असंच ते समजून होते.

नंदिताला सगळ्यांच्या आधी कळलं. तिने डोळे मिटून घेतले.

"अप्पा," ती म्हणाली, "ते दहा मिनिटं तेच."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. रघुपतींच्या चेहऱ्यावर ते उमटताना पाहिलं आणि मला ते हसण्यावारी म्हणवेना. दोन्ही हातांनी अंगवस्त्राचं टोक धरून ते नवरीच्या स्टुलावर बसले. समोरच्या आरशात ते स्वतःलाच दिसत होते. त्यांनी मान फिरवली.

कनकलताबाईंनी सांगायचं ते सांगितलं. फेरीआधी प्रत्येक टेबलावरचं घड्याळ बघणं हे पंचाचं काम होतं, ते आपल्याकडून झालं नाही. त्यागराजनेही बोलायला हवं होतं, तो बोलला नाही. परक्या माणसाने ही ढवळाढवळ केली असती तर डाव पुन्हा खेळवता आला असता. पण खेळाडूच्या घरच्या माणसाने केली, तर तिचा फायदा त्याच खेळाडूला कसा द्यायचा? एकच वाट होती, त्यागराजने आपणहून पुन्हा खेळायला कबूल होण्याची. त्यागराजने मामाकडे बघितलं. मामा चषकाकडे बघत होता.

"नक्को," नंदिता म्हणाली. "त्याला विचारूं नका, मॅडम. घड्याळ माझ्यासमोर होतं. मी उशिरा आलें, एवढाच उशीर झाला असेल समजलें, आणि विचारलें नाहीं." मग ती त्यागराजकडे वळली. "अप्पा तुला चोर म्हणाले. ते मी परत घेतें. सरी, बरं?"

त्यागराजने मान हलवली. जिल्ह्याच्या संघात जागा मिळालेला माणूस एवढा दीनवाणा मी दुसरा पाहिला नाही.

५

बक्षिसं भराभर उरकली. सुरेंद्रने आपला स्टिकर नखाने खरवडून काढला. कोणी सांगितलं नव्हतं. मांडववाल्यांनी खुर्च्या ओढायला सुरुवात केली, केळीचे खांब दाराला लागले. मी घड्याळं पेटीत भरत होतो.

रघुपती पिशवी घेऊन दारापाशी उभे होते. दहा माणसांसमोर ज्याला चोर म्हटलं त्या पोराच्या खांद्यावर त्यांनी जाता जाता हात ठेवला होता. नंदिताला म्हणाले, "चल. तिरुवैयारूची बस गाठूं."

"राहुकाळ आहे, रघुपती," मी म्हणालो. सवयीने म्हणालो, टोमणा नव्हता.

"असूं दे," ते म्हणाले. "आतां काय राहिलं आहे राहूला घ्यायला?" आणि त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकायला पाऊल उचललं. तीस वर्षांत पहिल्यांदा उचललं असेल.

"थांबा, अप्पा."

नंदिता माझ्यापाशी आली. पेटीतून तिने एक घड्याळ उचललं. पहिल्या टेबलावरचंच होतं ते. वसुमतीचं मनगट धरून वेळ बघितली, पाठीमागची चावी फिरवून काटे खऱ्या वेळेवर आणले. मग उरलेल्या एकुलत्या एका टेबलावर घड्याळ ठेवून बटण दाबलं. वडिलांना हात धरून आणून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली. मधे पट नव्हता.

या मुलीचा राहुकाळावर काडीचा विश्वास नव्हता. सकाळी तिनेच मला रुमाल दाखवून डोळे मिचकावले होते. आता ती घड्याळाकडे बघत शांत बसली होती, आणि रघुपती तिच्याकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मांडववाला टेबल न्यायला आला, त्याला वसुमतीने हातानेच थोपवलं.

हॉलमध्ये खुर्च्यांचा गोंगाट चालू होता, तरी ती टिकटिक आम्हाला ऐकू येत होती. काटा सहावर आला. लाल झेंडा पडला.

"संपला राहुकाळ," नंदिता म्हणाली आणि उठून वडिलांच्या हातातली पिशवी घेतली. "चला अप्पा, घरी जाऊं."